गोल दिसणारा रांजण

मास्तर चहाचा ग्लास उचलायच्या आधी तो टेबलावर पाव फेरा फिरवत. दोन घोट घेऊन खाली ठेवत आणि पुन्हा पाव फेरा फिरवत. सिंदी रेल्वेला स्टेशनासमोर चहाचं एक दुकान होतं. त्याचा मालक नव्या गिऱ्हाइकाला हा प्रकार डोळ्यांनी खुणावून दाखवी. मास्तरांना ते माहीत होतं. त्यांचं स्पष्टीकरण एका वाक्याचं होतं : “हाताले कुठं समजते, गिलास काचीचा हाये म्हून.”

ही सवय हाताला वाळवणीच्या खोलीत लागली होती. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं एका जागी तसंच ठेवलं, तर दाराकडची बाजू आधी वाळते. वाळलेली बाजू आखडते, दुसरी ओलीच राहते आणि मडकं मान वाकडी करतं. म्हणून मास्तर दर दोन तासांनी खोलीत जात आणि फळ्यांवरचं एकेक मडकं पाव फेरा फिरवून येत. रविवारीही येत. एकदा नात्यातल्या लग्नाला गेले असता मांडवात पाण्याचे माठ ओळीनं मांडले होते. बोलता बोलता मास्तरांनी सगळी ओळ फिरवली. मुलीच्या मामाला वाटलं, वरपक्षाचा कुणी माणूस माठ तपासतोय. त्यानं घाईनं माफी मागितली आणि दोन माठ बदलून आणले. ही हकिकत मला दोघांनी सांगितली. माठांच्या संख्येवर दोघांचं एकमत नव्हतं. बाकी तपशील जुळत होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सिंदीच्या बाहेर ग्रामोद्योगाचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. दोन टिनाचे शेड, एक भट्टी, एक कार्यालय आणि अंगणात कडुनिंब. कुंभारकामाच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा. मी देवळीहून आलो होतो. पदवी हातात होती आणि दुसरं काही मिळालं नव्हतं. मास्तरांनी कुणाचंही नाव कधी पाठ केलं नाही. ते माणसाला गावाच्या नावानं हाक मारत. मी देवळी. घाईनं काम करणारा, सतत बोलणारा एक जण पुलगाव. एक तरुण विवाहित बाई होती, ती सेलू. सेलूच्या एका माणसाचं सिंदीत दुकान होतं. तो एकदा केंद्रावर आला आणि मास्तरांनी “सेलू” म्हटल्यावर दोघंही वळले. मास्तरांनी त्या माणसाला जाताना सांगितलं, “तुम्ही इथं नोका येत जाऊ, गोंधळ होते.”

मास्तर सिंदीच्या कुंभारपुऱ्यातले. वय पन्नाशीच्या अलीकडे. अंगानं बारीक, पण पंजे दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचे असावेत असे. केंद्रात ते अकरा वर्षं रोजंदार होते. म्हणजे शिकवायचे तेच, भट्टी लावायचे तेच, पण हजेरी मजुरांच्या रजिस्टरात. त्यांच्या भावकीला हे काम पसंत नव्हतं. थोरला भाऊ एकदा मुद्दाम पाहायला आला. अकरा चाकांवर अकरा जण बसलेले पाहून म्हणाला, “उद्या हे सारे मडके विकतीन. आपन काय करू?” मास्तरांनी आमच्याकडे एकवार पाहिलं आणि त्याला म्हणाले, “अकरातले नऊ तं मातीले भेऊन राह्यले. दोघांचं पाह्यजो.” ते दोघं कोण, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यांचा पहिला नियम पाण्याचा. चाकावर बसणाऱ्याला ते मोजून एक वाटी पाणी देत. हात ओला केल्याशिवाय माती सरकत नाही आणि नवखा माणूस प्रत्येक अडचणीवर पाणी ओततो. माती ते पाणी पिते, मऊ होते आणि उभं केलेलं मडकं कमरेत खचतं. सेलू पहिल्या दिवशी म्हणाली, “मास्तर, एवढ्या पान्यात तं चिमनी बी न्हात नाई.”

“चिमनीले मडकं नाई करायचं. तुले करायचं हाये.”

“अन् माती कोरडी पडली तं?”

“तं हात लवकर चालव. पानी मांगून राह्यला म्हंजे हात थकला. माती नाई थकली.”

मडक्याच्या तळाशी साचलेलं पाणी टिपायला त्यांच्याकडे काडीला बांधलेला स्पंजाचा तुकडा होता. ती काडी ते कानामागे ठेवत, सुतार पेन्सिल ठेवतो तशी. त्यामुळे त्यांच्या शर्टाचा उजवा खांदा कायम ओला असे.

दुसरा नियम कापण्याचा. मडकं चाकावर पूर्ण झालं की मास्तर तार घेऊन येत आणि ते उभं मधोमध कापत. चांगलं असो वा वाईट, पहिले दोन महिने वर्गातलं एकही मडकं वाचलं नाही. कापल्यावर दोन्ही अर्धे समोर ठेवून ते भिंतीची जाडी बोटानं दाखवत. माझं पहिलं जमलेलं मडकं मला आठवतं, कारण ते मी तीन-चार मिनिटंच पाहिलं. आतून ते तळाला अंगठ्याएवढं जाड होतं आणि पोटाला कागदासारखं.

“पाय हत्तीचे अन् पोट पापडाचं,” मास्तर म्हणाले. “खचन नाई तं काय करन?”

“पण खचलं कुठं? उभं होतं ना, मास्तर.”

“तुह्या समोर उभं होतं. तू जेवाले गेला असता तं बसलं असतं. मडकं पाहुन्यासमोर नीट वागते, देवळी.”

मास्तर स्वतःचीही मडकी कापत. महिन्यातून एकदा, सगळ्यांना बोलावून. त्या दिवशी वर्गात थोडी मजा असे. सेलू पट्टी घेऊन पुढे सरसावे आणि भिंतीची जाडी वर-खाली मोजून “मास्तर, इथं थोडं जास्त वाटून राह्यलं” असं म्हणायची संधी शोधे. नऊ महिन्यांत तिला ती एकदा मिळाली. मास्तरांनी ते खापर उचललं, पाहिलं आणि म्हणाले, “बराबर हाये तुह्यं.” त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा खाल्ला नाही, असं पुलगाव सांगे. मी त्यांना डबा खाताना पाहिलं होतं. पण पुलगावची हकिकतच पुढे प्रचलित राहिली.

वाऱ्याशी त्यांचं वैर होतं. वाळवणीच्या खोलीची पश्चिमेची खिडकी त्यांनी खिळे ठोकून बंद केली होती आणि दारावर ओलं पोतं टांगलं होतं. एका उन्हाळ्यात केंद्राच्या व्यवस्थापकांनी चांगल्या हेतूनं तिथे टेबलफॅन बसवला. दुसऱ्या दिवशी फॅनवर पोतं होतं, सुतळीनं पक्कं बांधलेलं.

“मास्तर, अहो गरमीनं माणसं मरतात आत,” व्यवस्थापक म्हणाले.

“मानसं बाहेर बसतीन, साहेब. मडके बाहेर बसत नाई.”

त्यांना माणसांचंही तसंच दिसे. कार्यालयात कुणी खिडकीला लागून बसलं असेल तर मास्तर त्याची खुर्ची सरकवत. एका तालुक्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, “इकडं सरका साहेब, एका बाजूनं वाळून राह्यले तुम्ही.”

वाळणारं मडकं आखडतं म्हणजे त्याचं बूडही आखडतं. ते फळीला चिकटून बसलं तर तडकतं किंवा पिळवटतं. म्हणून मास्तर प्रत्येक बुडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवत. कागद सरकतो, मडकं सुखानं लहान होतं. नागपूरहून येणारी तीन-चार वर्तमानपत्रं त्यांनी या कामासाठी वापरून पाहिली होती आणि त्यांची प्रतवारी लावली होती. मी पुढे ज्या दैनिकात नोकरीला लागलो, त्याचा कागद त्यांच्या मते पहिल्या नंबरचा होता. मजकुराविषयी त्यांनी मत दिलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा त्यांचा भर एका गोष्टीवर होता. ती त्यांनी आम्हाला आधी सांगितली नव्हती, पुलगावमुळे आम्ही ती शिकलो. एका सकाळी पुलगावनं ओलं मडकं घाईत फळीवरून उचललं. तोंड दबून लांबट झालं. आसपास मास्तर नव्हते. पुलगावनं दोन्ही तळव्यांनी ते पुन्हा गोल केलं, सुतळी लावून मोजलं आणि ठेवून दिलं. पट्टीलाही ते गोल वाटलं असतं. तीन आठवड्यांनी भट्टी उघडली तेव्हा तीस मडक्यांत एकाचं तोंड लांबट होतं, आणि लांबट त्याच दिशेनं होतं. मास्तरांनी ते उचललं, दबलेल्या जागेवर स्वतःचा अंगठा ठेवला आणि म्हणाले, “पुलगाव.”

पुलगाव म्हणाला, “मी तं नीट करून ठेवलं होतं, मास्तर.”

“तू वरून नीट केलं. मातीनं आतून ध्यानात ठेवलं. ओल्या मातीले एक डाव वाकवलं का ते इसरत नाई. वाळते तवा थोडं आठवते, भट्टीत सारं आठवते.”

“मंग उपाय काय?”

“वाकवू नोको. अन् वाकलंच तं गोल करून थांबू नोको, थोडं उलट्या अंगानं बी वाकव. मंग वापस येता येता गोलावर थांबते. पन ते तुह्यं काम नाई. तू हात सांभाळ.”

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वरून परिपत्रक आलं. केंद्रांमधली निदेशकांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, पदं कायम करायची होती. ज्यांच्याकडे पदविका नाही त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन निर्णय करायचा. उमेदवार नापास झाला तर ते पद पदविकाधारकाला जाणार आणि रोजंदार माणसाची हजेरी त्या महिन्याअखेर बंद. मास्तर चौथीपर्यंत शिकले होते. अर्ज मी भरला. “अनुभव” या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर ते म्हणाले, “लिही, बापानं शिकवलं. अन् मंग मडक्यायनं.” मी “वंशपरंपरागत” असं लिहिलं.

परीक्षेचा विषय ठरला : दोन फूट उंचीचा रांजण, चाकावर घडवलेला, वाळवून भाजलेला. भाजल्यावर तोंडाचा व्यास दोन बाजूंनी मोजायचा. फरक अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर भांडं “असमतोल” आणि उमेदवार नापास. परीक्षक म्हणून वर्ध्याच्या कार्यालयातले साहेब आले. चाळिशीचे, नीटनेटके, बोलणं मोजकं. कुंभारकामाशी त्यांचा संबंध नव्हता आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

मास्तरांनी सकाळी माती चाकावर घेतली. तासाभरात रांजणाचा खालचा अर्धा भाग उभा राहिला. मग त्यांनी चाक थांबवलं, वरच्या काठावर ओलं फडकं गुंडाळलं, हात धुतले आणि कडुनिंबाखाली जाऊन तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाऊण तासानं ते उठून झाडाखाली आले.

“तुम्ही थांबलात का?”

“मी नाई थांबलो, साहेब. रांजन थांबला.”

“म्हणजे?”

“खालच्या अंगाले जोर येऊ द्या. आत्ता वरून भार देला तं पोटात खचन.”

“किती वेळ लागेल?”

“तुमचं जेवन होईस्तोवर. सावकाश जेवा.”

साहेब सावकाश जेवले. दुपारी मास्तरांनी काठावर मातीची जाड वळकटी चढवली, चाक फिरवलं आणि रांजण वर नेला. पोट भरलं, गळा आवळला गेला, तोंड उघडलं. सेलूनं माझ्या कानाशी म्हटलं, “कापत नाई आज, तेवढंच बरं.” साहेबांनी खिळ्यानं रांजणाच्या बुडाजवळ आपली सही कोरली, भांडं बदललं जाऊ नये म्हणून. तसा नियम होता.

तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले, फोटोसाठी. फाइलला “उमेदवार व भांडे” असा फोटो लागत होता. सिंदीतल्या स्टुडिओचा फोटोग्राफर तिकाटणं घेऊन आला होता. रांजण वाळवणीच्या खोलीतून फळीसकट बाहेर आणला. माती अजून ओलसर होती. बोट रुतणार नाही, पण दाबलं तर वाकेल अशी. फोटोग्राफर म्हणाला, सही पाठीमागे गेली आहे, समोर हवी. मास्तर हात पुसत होते. तेवढ्यात साहेबांनी मदत म्हणून रांजणाचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि फिरवलं.

रांजण फिरला. तोंड त्यांच्या तळव्यांमध्ये दबून लांबट झालं.

साहेबांनी लगेच हात काढले. मग दुसऱ्या दोन बाजूंनी दाबून त्यांनी तोंड पूर्वीसारखं केलं. खिशातून पट्टी काढून मोजलं. दोन्हीकडून एकच माप आलं.

“झालं की गोल,” व्यवस्थापक म्हणाले. “काही बिघडलं नाही साहेब. घ्या रे फोटो.”

मास्तर म्हणाले, “गोल दिसते.”

व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ अंगणातल्या प्रत्येकाला कळला. मास्तरांनाही कळला असावा. ते साहेबांकडे वळले.

“साहेब, हे वाकडं येईन.”

“मी मोजलं आत्ता. बरोबर आहे.”

“आत्ता बराबर हाये. भट्टीतून वाकडं येईन.”

“कशावरून म्हणता?”

मास्तर आत गेले आणि पांढऱ्या मातीची वाटी घेऊन आले. बोट बुडवून त्यांनी रांजणाच्या काठावर समोरासमोर दोन टिकल्या लावल्या. जिथे साहेबांचे तळवे होते तिथे. “या दोन टिकल्यायच्या मंधात अंतर कमी येईन. दुसऱ्या अंगानं जास्त. एका बोटाचा फरक राह्यन.”

“आणि नाही राहिला तर?”

“तं मास्तरले माती समजत नाई, असं लिहून टाका.”

“फरक राहिला तर भांडं असमतोल ठरतं. ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत हाये.”

दुसरं भांडं घ्यायची तरतूद परिपत्रकात नव्हती. साहेबांनी ते तिथेच उघडून पुन्हा वाचलं. मग फोटो झाला. फोटोत मास्तर डावीकडे उभे आहेत आणि त्यांचे हात पाठीमागे आहेत.

साहेब गेल्यावर पुलगावनं विषय काढला. “मास्तर, तुम्हीच तं सांगतलं होतं. उलट्या अंगानं जरासं वाकवा. गोल येईन. पास.”

“सही कोनाची हाये त्याच्यावर?”

“साहेबांची.”

“मंग साहेबांची चीज हाये ते. दुसऱ्याच्या मडक्याले मी हात लावत नाई.”

सेलू म्हणाली, “मास्तर, गप राह्यले असते तं? कदाचित आलंच असतं गोल.”

“आलं नसतं. अन् मंग साहेब म्हनले असते, मास्तरचं मडकं वाकडं आलं. आता म्हंतीन, मास्तर म्हनला तसं आलं.”

“पन नोकरी जाईन ना.”

“पाहू,” मास्तर म्हणाले आणि आत जाऊन मडकी फिरवू लागले. रांजण त्यांनी फिरवला की नाही, यावर वर्गात वाद झाला. तो फळीसकट फिरवत, रांजणाला बोटही न लावता, असं सेलूनं दाराच्या फटीतून पाहून ठरवून दिलं.

दोन आठवडे असे गेले. त्या काळात मास्तरांचं वजन कमी झालं असं म्हणायला पुरावा नाही. मात्र ते रोज एकदा भट्टीच्या तोंडाशी जाऊन आत पाहत. भट्टी रिकामी होती.

भट्टी उघडली त्या दिवशी साहेब पॅसेंजरनं आले. रांजण बाहेर काढून अंगणात ठेवला. रंग एकसारखा लाल, पोट नीट, कुठे तडा नाही, टिचकी मारल्यावर आवाज स्वच्छ. आणि तोंड लांबट. पांढऱ्या टिकल्या बरोबर दबलेल्या अंगावर होत्या. साहेबांनी पट्टी लावली, दोनदा. फरक पाऊण इंच.

“एक बोट म्हणाला होतात.”

व्यवस्थापकांनी मास्तरांचा हात धरून बोट पट्टीवर ठेवलं. बोटाची रुंदी पाऊण इंच होती.

वर्गातून कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते कार्यालयात जाऊन बसले आणि फॉर्म पुढे घेतला. व्यवस्थापक दारात उभे होते, आम्ही खिडकीशी. “आकार” या रकान्यात साहेबांनी लिहिलं : असमतोल. सेलूनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग साहेबांनी पेन “शेरा” या रकान्यावर नेलं आणि बराच वेळ लिहिलं. पुढे ती फाइल मी पाहिली आहे, म्हणून शब्द नेमके देता येतात : “भांडे ओले असताना परीक्षकाने हाताळल्यामुळे वाकले. ते वाकेल, कोठे वाकेल व किती वाकेल, हे उमेदवाराने अगोदर सांगितले होते. तसेच घडले. दोष परीक्षकाचा. उमेदवार पात्र.”

व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, वर चालेल हे?”

“चालेल की नाही ते वरचे ठरवतील. मी जे पाहिलं ते लिहिलं.”

वरच्यांनी ठरवायला चार महिने घेतले. आमची तुकडी बाहेर पडली. मी वर्ध्याला एका साप्ताहिकात बातम्या लिहू लागलो. मास्तर रोजंदारच होते आणि नव्या अकरा जणांची मडकी कापत होते. तो रांजण दरम्यान साहेबांनी वर्ध्याच्या कार्यालयात नेऊन व्हरांड्यात ठेवला होता, पिण्याच्या पाण्यासाठी. त्यांना तो आवडला होता. अडचण एकच झाली. लांबट तोंडावर बाजारातलं एकही झाकण राहत नव्हतं. शिपायानं वर लाकडी फळी टाकली होती आणि प्रत्येक पाणी पिणाऱ्याला तो कारण सांगे : “सिंदीच्या मास्तरचा रांजन हाये. वाकडा आला.”

ही गोष्ट मीच मास्तरांच्या कानावर घातली, गंमत म्हणून. त्यांना ती गंमत वाटली नाही.

“असं म्हंते तो? सगळ्यायले?”

“जो पाणी प्यायला येतो त्याला.”

“रोज किती येत असतीन?”

मी अंदाजानं पन्नास सांगितले.

पुढचं मला पुलगावनं सांगितलं. तो केंद्रातच मदतनीस म्हणून राहिला होता. मास्तरांनी चाकावर झाकण घडवलं. चाकावर लांबट वस्तू होत नाही. चाकावर फक्त गोलच होतं. झाकण तीन दिवस सावलीत ठेवलं, रांजण ठेवला होता तसंच. मग मास्तरांनी पुलगावला समोर उभं केलं. “साहेबानं कसं धरलं होतं रे? दाखव.” पुलगावनं हवेत धरून दाखवलं. मास्तरांनी झाकण तसंच दोन तळव्यांत धरलं, तेवढंच दाबलं आणि मग दुसऱ्या अंगानं दाबून गोल केलं. जे करू नका म्हणून ते जन्मभर ओरडले, ते त्यांनी एकदा शिस्तीत केलं. झाकण गोल दिसत होतं. मास्तरांनी ते पुन्हा मोजलंसुद्धा नाही.

भाजलेलं झाकण गमछ्यात बांधून ते पॅसेंजरनं वर्ध्याला आले. मला सोबत घेतलं. साहेब आपल्या खोलीत होते. मास्तरांना पाहून ते उठले आणि टेबलावरचा एक लिफाफा हातात घेतला.

“बरं झालं आलात. तुमचा आदेश कालच आला. कायम झालात तुम्ही.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले. “ते राहू द्या साहेब जरा. बाहेर येता का?”

व्हरांड्यात मास्तरांनी रांजणावरची फळी काढून शिपायाच्या हातात दिली. गमछा सोडला. झाकण दोन्ही हातांनी धरून काठावर टेकवलं आणि सोडलं. ते बसलं. साहेबांनी एक कड बोटानं दाबून पाहिली, मग दुसरी. झाकण हललं नाही.

“हे मुद्दाम वाकडं केलंत?”

“नाई साहेब. तुम्ही केलं तसंच केलं.”

साहेब हसले तेव्हा आतले दोन कारकून बाहेर आले. मास्तरांनी आदेश घेतला, लिफाफा न उघडता खिशात घातला आणि शिपायाला म्हणाले, “हं बाप्पा, काय सांगायचं ते आता नीट सांगजो लोकायले.” शिपाई फळी हातात धरून गोंधळून पाहत राहिला.

त्यानंतर मास्तर सिंदीला आणखी बरीच वर्षं होते. साहेबांची बदली झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी एका बातमीसाठी त्याच कार्यालयात गेलो. नवे साहेब बैठकीत होते, म्हणून व्हरांड्यात थांबलो. रांजण होता. शिपाई तोच होता. मला त्यानं ओळखलं नाही. मी झाकण उचलून पाणी घेतलं आणि, हे असं लांबट कसं, असं विचारलं.

“वाकडा हाये तो,” शिपाई म्हणाला. “पह्यल्या साहेबांचा रांजन. झाकन तेवढं मास्तरचं.”